काठीची सोबत

सुरत-भुसावळ लोहमार्गावर, नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात खांडबारा हे गाव आहे. हा मुलूख टेकड्यांचा व ओढ्यानाल्यांचा. अशा मुलखात वाटसरूला बांबूची काठी फार उपयोगी पडते. चढणीवर ती आधार देते, उतारावर तोल सावरते आणि ओढा ओलांडताना पाणी किती खोल आहे ते सांगते.

हाच लोहमार्ग पश्चिमेकडे सुरतेस जातो. सुरतेच्या दक्षिणेस समुद्रकिनारी दांडी हे गाव आहे. मिठाच्या कायद्याविरुद्ध सत्याग्रह करण्यासाठी महात्मा गांधी १२ मार्च १९३० रोजी साबरमती आश्रमातून पायी निघाले. तेव्हा त्यांचे वय साठ वर्षांचे होते आणि हाती होती बांबूची काठी. सुमारे ३८५ किलोमीटरची वाट चालून ५ एप्रिलला ते दांडीस पोचले.

काठीमुळे शरीरास कोणता लाभ होतो? नुसते चालताना श्रम मुख्यतः पायांना पडतात. दोन्ही हातांत काठ्या घेऊन त्या जमिनीवर टेकून मागे रेटल्या, म्हणजे दंड, खांदे व पाठ यांचे स्नायूही कामास लागतात. जास्त स्नायूंना जास्त प्राणवायू हवा असतो. म्हणून श्वास खोल होतो, हृदयाची गती वाढते व तेवढ्याच वेळात व्यायाम अधिक घडतो. उतारावर शरीराचा थोडा भार हातांवर येतो आणि गुडघ्यांना आराम मिळतो.

फिनलंड देशातील बर्फावरून घसरत जाणारे खेळाडू उन्हाळ्यात, बर्फ नसताना, काठ्या घेऊन चालण्याचा सराव करीत. त्यातूनच १९९० नंतरच्या दशकात हा व्यायाम सामान्य लोकांत पसरला. या व्यायामाची काठी हलकी व मजबूत असावी. ताठ उभे राहून ती धरली असता कोपर साधारणपणे काटकोनात यावे. उजवा पाय पुढे पडताना डाव्या हातातील काठी पुढे यावी. एखाद्याचा एकच पाय दुखत असेल, तर त्याने आधाराची काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरावी. त्यामुळे दुखऱ्या पायावरील भार कमी होतो.

पुष्कळ वृद्ध माणसे काठी घेण्यास संकोचतात. ती पडण्याच्या भीतीने घरीच बसतात. परंतु चालणे थांबले की स्नायू क्षीण होतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. आजोबांच्या हाती काठी देऊन त्यांच्याबरोबर चार पावले चालणारा नातू त्यांची मोठीच सेवा करतो. काठी ही दुबळेपणाची खूण नव्हे. ती चालत राहण्याच्या निश्चयाची सोबतीण होय.