आधी पाणी, मग हात

खारदांड्यात नवी गाडी आणली की ॲव्हरेज किती देते हे कुणी विचारत नाही. 'लावणार कुठे?' एवढंच विचारतात. कोळीवाड्याच्या गल्लीत गाडी शिरली तरी वळत नाही, म्हणून आमची गाडी समुद्राकडच्या रस्त्यावर उघड्यावर उभी असते. जवळच बोंबील वाळत घातलेल्या वलांड्या, त्यांच्यावर टपलेले कावळे, टपावर ताणून द्यायला येणारी मांजरं आणि रात्रंदिवस खारा वारा. पत्रा आणि रंग गंजाला किती टिकतात हे बघायला कारखान्यात बंद पेटीत 35 अंश तापमान ठेवून 5 टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा मारतात. आमच्याकडे ही परीक्षा बारा महिने फुकटात चालते.

गाडी गडद निळी, दसऱ्याला घेतलेली. पाडव्याच्या सुमारास एका रात्री पेट्रोल भरायला थांबलो, तर पंपाच्या दिव्यांखाली बॉनेटभर गोल गोल बारीक रेघा चमकायला लागल्या. कुठे घासली नव्हती, कुणी किल्ली ओढली नव्हती. ओळखीच्या डिटेलिंगवाल्याने बॅटरीचा झोत तिरपा धरला आणि पहिला प्रश्न केला, "रोज पुसायला कोण येतं?"

येतो एक पोरगा. पहाटे एक बादली, एक फडकं आणि रांगेतल्या सगळ्या गाड्या. पहिल्या गाडीच्या चाकावरची रेती त्याच फडक्यातून पुढच्या गाडीच्या बॉनेटवर जाते. शिवाय रात्रभरात वाऱ्याने आणलेलं मीठ आणि बारीक वाळू रंगावर बसलेली असते. वाळूचा कण रंगापेक्षा कितीतरी कठीण. त्याच्यावर फडकं फिरलं की त्याचं पॉलिश पेपर होतं. महिन्याचे पैसे मोजून आपण गाडीला रोज सकाळी हलकं खरवडून घेत असतो.

आता हे खरवडणं कशावर चालतं ते बघा. पत्र्यावर आधी गंजरोधक प्रायमर, मग रंग धरणारा थर, मग खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन, आणि त्यातला क्लिअर कोट बहुधा 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. चमक त्याचीच आणि रेघाही त्याच्यातच. रबिंग-पॉलिश करून रेघा जातात, पण त्या बुजत नाहीत, आजूबाजूचा थर घासून त्यांच्या पातळीला आणला जातो. म्हणून 'दर सर्व्हिसला रबिंग करून घ्या' असं कुणी सुचवलं की हात जोडावेत.

आमच्या शेजारचे काका होडीवाले. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा होडी वर ओढतात, खरवडतात, सुकवतात आणि नारळी पौर्णिमेआधी रंगवून सोडतात. त्यांना बॉनेट दाखवलं, तर डिटेलिंगवाल्याने अर्धा तास खर्चून सांगितलं ते त्यांनी एका वाक्यात संपवलं, "आधी गोऱ्या पान्यान भिजव, मंग हात लाव."

पोराला दुसऱ्या दिवशी सांगितलं की कोरडी गाडी पुसायची नाही. तो म्हणाला, "मग दादा, पैसे कशाचे?" म्हटलं, न पुसण्याचे. तेवढेच देईन. त्याला ते अजून पटलेलं नाही, पण आठवड्यातून दोनदा सांगितल्याप्रमाणे धुतो. पाइप लावून धुण्याइतकं पाणी इथे कुणाकडेच नसतं, आणि असलं तरी शेजारी बोलतात. त्यामुळे बागेची झारी घ्या. टपापासून खालपर्यंत नुसतं पाणी सोडा, म्हणजे मीठ-वाळू निघून जाईल. मग दोन बादल्या घ्या. एकीत कार शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. कपड्यांची किंवा भांड्यांची पावडर नको, तिने वॅक्स उतरतं. दारांचा खालचा भाग आणि चाकं सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. फडकं रस्त्यावर पडलं की त्या दिवसापुरतं बाद. टिपताना मायक्रोफायबरचं कापड पसरून दाबायचं, रगडायचं नाही. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर भर उन्हात धुऊ नका. पाणी उडून जातं आणि क्षारांचे पांढरे ठिपके मागे राहतात.

कव्हर घालणाऱ्यांना वाटतं, आपण सुरक्षित. बंद गॅरेजमध्ये ठीक आहे. दांड्याच्या वाऱ्यात मळक्या गाडीवरचं कव्हर रात्रभर फडफडतं आणि पोराचंच काम दुप्पट करतं. पावसाळ्यात आत ओलावा कोंडतो तो वेगळाच.

कावळ्यांचं मात्र थांबून चालत नाही. विष्ठेत युरिक ॲसिड असतं. दुपारी पत्रा तापला की क्लिअर कोट मऊ होतो, संध्याकाळी आक्रसतो, आणि त्या डागाखाली रंगावर खळगा पडतो. म्हणून पाण्याची बाटली आणि जुनं मऊ कापड गाडीतच ठेवा. ओलं कापड डागावर पाच मिनिटं ठेवा, मग उचलून घ्या. नखाने खरवडलात तर आत अडकलेली वाळू उरलेलं काम करते. पर्जन्यवृक्षाखाली सावली छान, पण पिठ्या ढेकूण लागलेल्या झाडावरून चिकट रस टपकतो. जूनमध्ये जांभळाखाली तर उभीच करू नका. सोसायटीला परांची बांधली जाणार अशी नोटीस लागली की गाडी हलवा. वाळलेला सिमेंटचा शिंतोडा काढण्यापेक्षा चार दिवस दुसरीकडे पार्किंग शोधणं सोपं.

नवी गाडी ताब्यात घेण्याच्या दिवसाबद्दल थोडं लांबण लावतो, कारण निम्मं नुकसान तिथेच होतं. शोरूममध्ये आदल्या संध्याकाळी कोरड्या फडक्याने 'चमकवून' ठेवतात. आधीच सांगा, धुऊ नका, पुसू नका, धुळीसकट द्या. गाडी उन्हात बाहेर काढायला लावा, दिव्यांच्या झगमगाटात नव्याला सगळंच नवं दिसतं. चासी नंबरवरून बनल्याचा महिना विचारून घ्या. यार्डात उघड्यावर महिनोन्महिने उभी राहिलेली गाडीही 'नवी' म्हणूनच विकली जाते. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल, किंवा दोन पॅनलच्या छटा जुळत नसतील, तर पुन्हा रंगवली आहे का ते विचारा. कारखान्यातला रंग साधारण 140 अंशांना भाजलेला असतो, वर्कशॉपमधला त्याहून बऱ्याच कमी तापमानाला. हा फरक पुढे दिसतो.

मग पूजा. आई बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढणार, आणि ते आठवडाभर कुणी पुसू द्यायचं नाही. स्वस्त कुंकवातला रंग फिक्या गाडीवर डाग सोडतो. आमच्याकडे तोडगा निघाला. स्वस्तिक काचेवर काढलं, देवाला काचेचं वावडं नाही. हार मात्र तारेचा असतो, त्या तारेवर आधी नजर ठेवा. नारळ चाकापुढे जमिनीवरच फोडा.

त्याच दिवशी टेफ्लॉन, सिरॅमिक असलं काहीतरी गळ्यात मारतात. नका घेऊ. सिरॅमिकमुळे पाणी ओघळतं, मळ सहज सुटतो, विष्ठा काढायला जरा वेळ मिळतो, एवढं खरं. पण विकणारे सांगतात ते 'नाइन एच' म्हणजे पेन्सिलच्या शिशाच्या मोजमापावरचा आकडा, तो दगड अडवत नाही. दगड अडवते ती पीपीएफ, पॉलियुरेथेनची जाड फिल्म. ती महाग असते, म्हणून मी फक्त बॉनेट, पुढचा बंपर आणि आरसे एवढ्यालाच लावली. कोटिंग करायचंच असेल तर ते बाहेर नीट माणसाकडे, आणि आधी रेघा काढून. नाहीतर त्या खाली तशाच राहतात.

इथे गंज खालून येतो, दिसतो उशिरा. अलिबाग-काशीदहून आलात की त्याच आठवड्यात खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. दारांच्या तळाशी पाणी निघून जायची बारीक छिद्रं असतात, ती वाळू-पानांनी बुजतात. ज्यादा अंडरबॉडी कोटिंग करताना कामगार तीच बुजवतो, तेव्हा समोर उभे राहा. खडीने उडालेले टवके पावसाआधी टच-अप करा. रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो. एवढ्याशासाठी विम्याचा क्लेम टाकू नका. पहिल्या बिनक्लेमच्या वर्षानंतर नो क्लेम बोनस 20 टक्के मिळतो आणि वाढत 50 पर्यंत जातो, एका दाराच्या ओरखड्यापायी तो शून्यावर येतो. वर 1500 सीसीपर्यंत 1000 रुपये आणि त्यापुढे 2000 खिशातून जातात ते निराळेच. दार रंगवायला किती ते आधी दोन ठिकाणी विचारा, मग ठरवा.