लाईन म्हणजे काय?

आमच्या रिठदात 'लाईन' म्हणजे वीज. "लाईन गेली", "लाईन कवा येते?" हे दिवसातून दहादा कानावर पडते. दिवाळीत मी वाशिमला मावशीकडे गेलो होतो. तिथली मुले एकमेकांना इंग्रजी शब्द विचारत होती. "लाईन म्हणजे काय?" असे मला विचारले, तेव्हा मी चटकन म्हणालो, "वीज." सगळे हसले. "अरे, लाईन म्हणजे ओळ! एवढंही येत नाही?" मला फार लाज वाटली. पण मनात आले, आमच्या गावातली एवढी मोठी माणसे रोज हा शब्द बोलतात, ती सगळीच चुकतात काय?

शाळा उघडल्यावर सरांना विचारले. सरांनी जाड इंग्रजी शब्दकोश काढून ते पान माझ्यापुढे ठेवले. मित्रांनो, एका शब्दाला इतके अर्थ, की मोजता मोजता मीच दमलो! वहीतली ओळ ती लाईन, पट्टीने मारलेली रेघ ती लाईन, प्रार्थनेची रांग तीही लाईन. वाशिमवरून अकोला-पूर्णा गाडी जाते तो मार्ग लाईन. पूर्वी फौजेचे तंबू, घरे रांगेने असत, त्यावरून पोलीस लाईन आणि नागपूरची सिव्हिल लाईन्स. "पोरगा मोटर लाईनला लागला" म्हणतात तेव्हा तर तिथे ओळही नसते नि रेघही नसते.

हे सगळे आले कुठून? सरांनी सांगितले ते ऐकून मी थक्क झालो. ते आले जवसातून! होय, आपल्या चटणीच्या जवसातून. रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत जवसाला 'लिनुम' म्हणत. जवसाच्या देठाच्या सालीतून धागा निघतो, त्या धाग्याला 'लिनेया' म्हणत. धागा ताणून धरला की सरळ रेघ दिसते. म्हणून धाग्याचे नाव रेघेला मिळाले, रेघेचे ओळीला, ओळीचे रांगेला. त्याच धाग्याचे कापड ते लिनन. इजिप्तच्या राजांची प्रेते हजारो वर्षांपूर्वी याच कापडात गुंडाळून ठेवली, ती अजून आहेत. कोटाच्या आत लिननचे अस्तर लावत, म्हणून अस्तर म्हणजे लायनिंग.

मग विजेचे काय? खांबाखांबावरून दोरीसारखी ताणलेली तार, तीही लाईनच. तार सांभाळणारा तो लाईनमन. आपल्या लोकांनी एवढेच केले, की तारेचे नाव तारेतून येणाऱ्या विजेला दिले. म्हणजे माझे उत्तर अगदीच चूक नव्हते!

आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "त्यात काय नवल बाबू? गवंडी भिंत सुतात हाये काय, असंच तं पाहाते." खरेच की! सूत म्हणजे धागा आणि सूत म्हणजे सरळ रेघही. सुतार हा शब्दसुद्धा 'सूत्रधार' पासून झाला, म्हणजे दोरी धरून लाकूड आखणारा. तिकडे लोकांनी जवसाच्या धाग्यावरून जे केले, ते आपण सुताच्या धाग्यावरून केले. आता गंमत पाहा, आपले गवंडी 'लाईनदोरी' लावतात. दोरीचीच दोरी!

बाबांना मात्र 'लाईन' म्हटले की एकच अर्थ आठवतो. हिवाळ्यात आठवड्यातले काही दिवस शेतात रात्रीची लाईन असते. हरभऱ्याला पाणी द्यायला बाबा बॅटरी आणि काठी घेऊन निघतात. विंचूकाट्याचे भय, रानडुकरांचे भय. माय उजाडेपर्यंत झोपत नाही. शब्दकोशाच्या त्या पानावर हा अर्थ नाही. मी वहीत तो शेवटी लिहून ठेवला आहे.

आमच्या धुऱ्याला दोन तास जवस होता. त्याला निळी, नाजूक फुले येतात. सोंगणी झाल्यावर मी आजीकडून थोडी देठे मागून घेतली. अंबाडीचा वाख काढतात तशीच ती टाक्यात भिजत घातली. आठ-दहा दिवस फार वास आला, माय रागावली. मग साल सोलली. आपला जवस बियांसाठी, तेलासाठी पेरतात, त्याचे देठ बुटके. म्हणून तंतू आखूड निघाले. आजीने मांडीवर वळून त्यांचा हातभर दोरा केला. त्याला खडा बांधून आम्ही ओळंबा केला.

तो दोरा या भित्तिपत्रकाच्या उजव्या बाजूला खिळ्याला टांगला आहे. हात लावून पाहा, पण ओढू नका. एकदा तुटला होता, गाठ मारली आहे. आणि हो, त्याच्याजवळ उभे राहून पाहिले तर हे भित्तिपत्रक थोडे वाकडे लागलेले दिसते.