राहुरीचे हवामान : डोक्यावरचा पाऊस आणि नदीतले पाणी

(इयत्ता चौथी व पाचवीच्या परिसर-अभ्यासासाठी पाठ)

पाठाचा हेतू : गावात पडणारा पाऊस व नदीतून येणारे पाणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना स्वतःच्या मोजणीवरून उमगावे.

प्रस्तावना : शिक्षकाने प्रथम एकच प्रश्न विचारावा. "मुळा धरण भरले, म्हणजे आपल्याकडे पाऊस चांगला झाला का?" बहुतेक मुले होकार देतील. हे उत्तर लगेच खोडू नये. ते फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवावे.

स्थान : राहुरी हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण नगर-मनमाड रस्त्यावर, मुळेच्या काठी वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ५०० मीटर आहे. पश्चिमेस सह्याद्रीची उंच रांग आहे. अरबी समुद्रावरून येणारे वारे त्या रांगेवर आपले पाणी रिते करतात व घाट उतरताना कोरडे होत जातात. म्हणून अकोले तालुक्यातील घाटघरला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर त्याच जिल्ह्यातील राहुरीच्या वाट्यास वर्षाकाठी सरासरी ५२० मिलिमीटरच्या आसपास येतो. यासच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

मुळा नदी त्याच अकोल्याच्या डोंगरांत, हरिश्चंद्रगडाच्या बाजूस उगम पावते. कोतूळला तिला पूर आला की बारागाव नांदूरचे २६ अब्ज घनफूट क्षमतेचे मुळा धरण भरू लागते. त्या वेळी राहुरीत कडक ऊनही असू शकते. तालुक्याच्या उत्तर भागास प्रवरेच्या कालव्यांचेही पाणी मिळते. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. परंतु कालवा ज्या शेतापर्यंत पोहोचत नाही, तेथील बाजरी सर्वस्वी डोक्यावरच्या पावसावर अवलंबून असते. एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाच्या घरी ऊस उभा असतो आणि दुसऱ्याच्या घरी पीक करपते, त्याचे कारण येथे आहे.

ऋतुमान : मृगात पेरणीची घाई, श्रावणात बहुधा लांबलेली उघडीप आणि भाद्रपद-आश्विनात पुन्हा जोराच्या सरी, असा येथील पावसाळ्याचा क्रम असतो. परतीच्या या पावसाची ओल काळी जमीन धरून ठेवते; तिच्यावर रब्बीची ज्वारी व हरभरा येतो. उथळ मुरमाड जमिनीत ती ओल टिकत नाही. यास्तव पाऊस किती पडला याबरोबरच तो केव्हा पडला, हेही विचारले पाहिजे. अशाच कमी पावसाच्या मुलखातील शेतीचा अभ्यास, तालुक्यात असलेले व १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषि विद्यापीठ करीत आहे.

उपक्रम : सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा एक डबा झाडे व भिंतींपासून दूर, मोकळ्या जागी पक्का बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजून तक्त्यात लिहावी व डबा रिता करावा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. रकाना कोरा सोडू नये, कारण कोऱ्या रकान्यावरून पाऊस पडला नाही की मोजणीच राहिली, हे कळत नाही. शेजारच्या रकान्यात धरणाच्या साठ्याचा वर्तमानपत्रातील आकडा आठवड्यातून एकदा नोंदवावा.

गणिताशी सांगड : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर असल्यास ५२० मिलिमीटर पावसात त्यावर ५२,००० लिटर पाणी पडते. हे पाणी कोठे जाते, याचा शोध मुलांनी पागोळ्यांखाली उभे राहून घ्यावा.

गृहपाठ : घरातील वडीलधाऱ्या मंडळींना १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारून पाच वाक्ये लिहावीत. खडी फोडण्याची कामे, सुकडी, चाऱ्यावाचून विकावी लागलेली जनावरे यांच्या आठवणी निघतील. ज्या घरी असे कोणी नसेल, त्या मुलाने शेजारी विचारावे.

समारोप : दिवाळीच्या सुट्टीपूर्वी तक्त्याचे दोन्ही रकाने मुलांनी मोठ्याने वाचावेत आणि पहिल्या दिवशीचा प्रश्न पुन्हा विचारावा. या वेळी उत्तर शिक्षकाने देऊ नये. ते तक्त्यावरून मुलांनीच द्यावे. तक्ता फाडून टाकू नये. पुढील वर्षीच्या वर्गास तो उपयोगी पडेल, आणि दहा वर्षांच्या नोंदी जमल्यास गावालाही.