कोरियन जोडीदार शोधताना : दिल्लीतल्या मराठी मुलामुलींसाठी आठ पायऱ्या

गुरुग्रामला ह्युंदाईचं कार्यालय, नोएडात सॅमसंगचा मोबाइल कारखाना, ग्रेटर नोएडात एलजी. या कंपन्यांमुळे दिल्लीच्या परिसरात कोरियन माणसं वर्षानुवर्षं राहत आली आहेत. पुण्या-नागपूरहून नोकरीसाठी इथे आलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला त्यांच्याशी ओळख व्हावी, जमलं तर पुढे संसारही व्हावा असं वाटत असेल, तर त्यात वावगं काहीच नाही. फक्त मालिकेतला नायक किंवा नायिका डोक्यात ठेवून निघालात, तर समोर बसलेला खरा माणूस दिसणार नाही. ॲप ओळख करून देईल, विश्वास मात्र तुम्हालाच कमवावा लागेल. म्हणून घाई न करता क्रमाने जा.

१. आधी लिपी शिका. राजा सेजोंगने 1446 साली जाहीर केलेल्या हंगुल लिपीत आज 24 मूळ अक्षरं आहेत. रोज अर्धा तास दिला, तर आठवड्याभरात वाचता येऊ लागतं. मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. ‘चोनुन देल्लीए सारायो’ हे वाक्य बघा : ‘चोनुन’ म्हणजे मी, ‘देल्लीए’ म्हणजे दिल्लीत, ‘सारायो’ म्हणजे राहतो किंवा राहते. शब्दांचा क्रम तोच, ‘दिल्ली’ला प्रत्यय मागून लागलेला आणि क्रियापद शेवटी. लाजपतनगरच्या कोरियन सांस्कृतिक केंद्रात भाषेचे वर्ग चालतात. तिथे नाव नोंदवा. तिथल्या कार्यक्रमांमध्ये समोरासमोर होणारी ओळख कोणत्याही ॲपपेक्षा भक्कम असते.

२. ॲप विचारपूर्वक निवडा. यात चार प्रकार आहेत. कोरियात चालणारी तिथली डेटिंग ॲप बहुधा कोरियन मोबाइल नंबर मागतात. भारतात बसून त्यांच्यामागे लागू नका. ‘मीफ’ हे कोरियन आणि परदेशी लोकांच्या मैत्रीसाठीचं ॲप आहे, तर ‘कोरियनक्यूपिड’ उघडपणे जोडीदार शोधणाऱ्यांसाठी आहे. ‘हॅलोटॉक’ आणि ‘टँडम’ ही भाषा शिकण्या-शिकवण्याची ॲप आहेत. तिथे पहिल्याच दिवशी ‘लग्न झालंय का?’ विचारू नका, ती जागा त्यासाठी नाही. टिंडर किंवा बंबल वापरत असाल, तर अंतराची मर्यादा वाढवून ठेवा, कारण गुरुग्राम ते ग्रेटर नोएडा रस्त्याने पन्नास किलोमीटरच्या वर जातं. सुरुवातीला दोनच ॲप ठेवा आणि महिनाभर तरी पैसे भरू नका.

३. प्रोफाइल खरं लिहा. तीन-चार ताजे फोटो लावा. त्यातला एक तरी रोजच्या जगण्यातला असू द्या : सायकलवरचा, स्वयंपाकघरातला, ट्रेकवरचा. ‘मला कोरियन लोक आवडतात’ असं लिहू नका. कुणालाही आपली निवड देशावरून झालेली रुचत नाही. गाव, काम, आवड आणि काय शोधताय, एवढं चार ओळींत सांगा. त्यातली एक ओळ हंगुलमध्ये लिहा.

४. पहिला संदेश आदराने पाठवा. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखाच भेद कोरियन भाषेत आहे, आणि तो आपल्याहून काटेकोर पाळला जातो. नावानंतर ‘शी’ लावून सुरुवात करा. समोरून लवकरच वय विचारलं जाईल. राग मानू नका. कुणाशी कोणत्या भाषेत बोलायचं, हे तिथे वयावर ठरतं. ‘हाय’वर थांबू नका. त्यांच्या प्रोफाइलमधल्या एखाद्या गोष्टीबद्दल विचारा.

५. खातरजमा करा. ही पायरी कधीही गाळू नका. भेटीआधी व्हिडिओ कॉल झालाच पाहिजे. सतत टाळाटाळ होत असेल, तर तिथेच थांबा. फोटो इंटरनेटवर उलट शोधून बघा. ‘तुझ्यासाठी भेट पाठवली, ती दिल्ली विमानतळावर कस्टम्समध्ये अडकली, शुल्क भर’ हा फसवणुकीचा जुना आणि ठरलेला डाव आहे. कस्टम्सचं शुल्क कुणाच्या खासगी खात्यात भरायचं नसतं. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. लगेच 1930 या सायबर हेल्पलाइन क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम थोपवली जाण्याची शक्यता अधिक. आणखी एक प्रश्न सुरुवातीलाच, सरळ विचारा : लग्न झालंय का, आणि परत कधी जाणार? कंपनीने पाठवलेले बरेच कोरियन कर्मचारी ठरावीक वर्षांसाठीच आलेले असतात.

६. पहिली भेट दिवसा, गर्दीत ठेवा. आयएनएची दिल्ली हाट किंवा मजनूं का टीलामधली एखादी कोरियन खानावळ चांगली. स्वतःच्या वाहनाने किंवा मेट्रोने जा, मैत्रिणीला ठिकाण कळवा, दोन तासांत निघा. मोठ्या माणसाला काही देताना दोन्ही हात पुढे करण्याची त्यांची रीत आपल्याला समजायला सोपी आहे. सोबत आपल्याकडचं काहीतरी न्या. भाद्रपद असेल तर उकडीचे मोदक. चुसोक या त्यांच्या सणाला सोंगप्योन करतात : तांदळाच्या पिठाची पारी, आत तीळ किंवा डाळीचं गोड सारण, आणि पाइनच्या पानांवर वाफवणं. चुसोक कधी भाद्रपद पौर्णिमेला येतो, कधी कोजागरीला. हळदीच्या पानावर वाफवलेला मोदक हातात दिलात, की काय बोलायचं हा प्रश्न उरत नाही.

७. नात्याचे टप्पे ओळखा. मित्राने जुळवून दिलेल्या भेटीला कोरियात ‘सोगेतिंग’ म्हणतात. त्यानंतरच्या अधल्यामधल्या काळाला ‘सॉम’. मग कुणीतरी स्पष्ट शब्दांत विचारतं आणि तिथून नातं मोजलं जातं. शंभरावा दिवस साजरा करण्याची पद्धत आहे. तो विसरू नका. नुसतं गृहीत धरून चालत राहू नका, विचारा आणि उत्तर ऐका. उत्तर ‘नाही’ असेल, तर एकदाच ऐकून बाजूला व्हा.

८. घरी लवकर सांगा, कायदा समजून घ्या. गोत्राचा मुद्दा आईवडिलांनी काढला, तर त्यांना सांगा की एकच आडनाव आणि एकच मूळगाव असलेल्यांच्या लग्नाला कोरियातही कायद्याने बंदी होती. 1997 साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती घटनाविरोधी ठरवली आणि 2005 मध्ये कायदा बदलला. भारतात लग्न करायचं तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेलं असावं लागतं, नोटीस दिल्यावर आणखी 30 दिवस थांबावं लागतं, आणि तीन साक्षीदार लागतात. परदेशी जोडीदाराला अविवाहित असल्याचा दाखला लागतो. त्यासाठी चाणक्यपुरीतल्या कोरियन दूतावासात आधी चौकशी करा. लग्नाच्या नोंदणीला दोन वर्षं झाली, की परदेशी जोडीदाराला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो.

यातली कोणतीही पायरी चुकली, तर मागे येऊन पुन्हा सुरुवात करता येते. पाचवी मात्र चुकवू नका.