मोटारीचें तेल : योग्य वेळीं व योग्य खर्चांत कसें बदलून घ्यावें

दारच्या बैलाचें वैरणपाणी चुकूं नये, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. आतां रोहें तालुक्यांत पुष्कळ घरीं बैलाच्या शेजारीं, कित्येक घरीं बैलाच्याच जागीं, मोटार किंवा पॉवर टिलर उभा असतो. इंजिनांतील तेल हें त्याचें वैरणपाणी होय. तें वेळेवर बदललें नाहीं तर इंजिन अकालीं झिजतें, आणि इंजिन उघडून दुरुस्त करण्याच्या खर्चापुढें अनेक वर्षांच्या तेलाचा खर्च क्षुल्लक ठरतो. म्हणून या कामाची माहिती धन्यास स्वतः असली पाहिजे.

तेलाचें कार्य

तेल फिरत्या भागांमधील घर्षण कमी करतें, उष्णता वाहून नेतें आणि काजळी व धातूचा कीस स्वतःंत धरून ठेवतें. डिझेल इंजिनांत नवें तेलही थोड्याच दिवसांत काळें पडतें. केवळ काळेपणावरून तें निरुपयोगी झालें असें समजूं नये. मात्र तेल दूध घातलेल्या चहासारखें दिसूं लागल्यास त्यांत पाणी शिरलें असें समजून गाडी त्वरित कारागिरास दाखवावी.

केव्हां बदलावें

आजच्या बहुतेक मोटारींच्या पुस्तिकेंत 10,000 किलोमीटर किंवा 1 वर्ष, यांपैकीं जें आधीं होईल तें, अशी मुदत असते. ट्रॅक्टर व टिलर यांची मुदत चाललेल्या तासांवर मोजतात. आपल्या गाडीची पुस्तिका हाच खरा आधार होय.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. धाटावाहून रोह्याच्या बाजारास जाऊन परत येणें, एवढाच ज्या गाडीचा रोजचा प्रवास, तिचें इंजिन पुरतें तापतच नाहीं. मग बाष्प व न जळलेलें इंधन तेलांत उतरतें, आणि आमच्या पावसाळ्यांत हें अधिकच घडतें. अशा आखूड फेऱ्या व धुळीचे रस्ते यांस पुस्तिकेंत कठीण वापर म्हटलेलें असतें व त्यासाठीं कमी मुदत दिलेली असते. गाडी थोडी चालली म्हणून तेल दोन दोन वर्षें ठेवणें ही काटकसर नव्हे. घराच्या शाकारणीप्रमाणें दरवर्षीं वैशाखांत, मृगाच्या आधीं, हें काम उरकण्याचा नेम ठेवावा. पुराच्या पाण्यांत बुडालेली गाडी मात्र सुरूंच करूं नये. प्रथम कारागिराकडून तेल तपासून बदलून घ्यावें.

कोणतें तेल घ्यावें

डब्यावर 5डब्ल्यू-30, 15डब्ल्यू-40 असे आंकडे असतात. पहिला आंकडा थंडींतील व दुसरा तापलेल्या स्थितींतील दाटपणा दर्शवितो. पुस्तिकेंत सांगितलेला दर्जाच घ्यावा. महाग तें सर्व गाड्यांस चांगलें, असें नाहीं. सन 2020 नंतरच्या ज्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यांत काजळीची गाळणी असते, त्यांस कमी राख सोडणारें तेलच लागतें. साधें तेल घातल्यास ती महागडी गाळणी लवकर तुंबते.

काम कसें करून घ्यावें

1. तेल व फिल्टर शक्य तर स्वतः, खात्रीच्या दुकानांतून, पावतीसह घ्यावा. डब्याचें सील पाहावें.
2. इंजिन थोडें गरम करून, गाडी सपाट जागीं उभी करून जुनें तेल पूर्ण निथळूं द्यावें.
3. फिल्टर प्रत्येक वेळीं बदलावा. जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनास चिकटून राहिली नाहीं ना, हें पाहावें. नव्या कडीस तेलाचें बोट लावावें.
4. तळाच्या बुचास नवा वॉशर घालावा. बूच अति आवळल्यास आटे जातात.
5. तेल भरून इंजिन क्षणभर चालवावें, बंद करावें व कांहीं मिनिटांनीं पट्टीवर पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्यें असावी. अधिक तेलही फेंस येऊन अपाय करतें.
6. रिकाम्या डब्यास भोंक पाडावें, म्हणजे त्यांत कोणी बनावट तेल भरून विकणार नाहीं.

खर्चाचा हिशेब

या कामाचीं अंगें चारच आहेत : तेल, फिल्टर, वॉशर व मजुरी. समजा, इंजिनास 3 लिटर तेल लागतें व पावतींत 4 लिटर लावलें आहे, तर उरलेलें 1 लिटर मागून घ्यावें. इंजिन धुण्याचें औषध, तेलांत घालण्याचें टॉनिक अशीं कलमें पुस्तिकेंत नसल्यास नाकारावीं. वॉरंटी चालूं असेपर्यंत तिच्या अटी वाचून काम द्यावें व सर्व पावत्या जपाव्या. पुढें गांवच्या जाणत्या कारागिराकडूनही हें काम उत्तम होतें. फक्त धन्यानें शेजारीं उभें राहावें आणि तारीख, किलोमीटर, तेलाचा दर्जा व माप वहींत टिपावें.

जुन्या तेलाची विल्हेवाट

जुनें तेल बांधावर ओतण्याची किंवा वाशांस वाळवीसाठीं फासण्याची चाल आहे. ती सोडावी. त्यांत धातूचा कीस व कर्करोग उत्पन्न करणारीं द्रव्यें असतात. सन 1927 पासून भिऱ्याच्या वीजघरांतून सुटणारें पाणी कुंडलिकेंत येतें, आणि त्याच पाण्यावर येथील उन्हाळी भात होतो. धाटावच्या कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल आपण शेतकरी तक्रार करतों. ती करणाऱ्यानें स्वतःच्या हातचें तेल वहाळांत सोडणें शोभत नाहीं. सन 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेलें तेल परवानाधारक पुनर्प्रक्रियेकडेच गेलें पाहिजे. तें झांकणाच्या डब्यांत सांठवावें आणि असें तेल रीतसर पुढें पाठविणाऱ्या गॅरेजास द्यावें. गांवांतील पांचदहा गाड्यांचें काम एकाच दिवशीं ठरविल्यास तेल घाऊक भावानें मिळण्यास वाव राहतो, आणि जुनें तेलही एकत्र जमून एकाच वेळीं रवाना होतें.