चर्चापीठांची मुक्त संगणकप्रणाली : सुट्या घटकांची पुढील वाट

समान आस्थेच्या माणसांनी लेखी प्रश्न विचारावेत, जाणत्यांनी उत्तरे द्यावीत आणि हा संवाद जतन व्हावा, या हेतूने संगणकावरील चर्चापीठे अस्तित्वात आली. ती चालविणाऱ्या मुक्त प्रणालींमध्ये पीएचपीबीबीचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. जेम्स ॲटकिन्सन यांनी २००० साली तिचा आरंभ केला. तिची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असून तीत हवे ते बदल करण्याची मुभा परवान्यानेच दिलेली आहे.

ही मुभाच पुढे अडचणीची ठरली. नवी सोय हवी असल्यास चालक मूळ आज्ञावलीच्या ओळी हाताने बदलीत. असे दहा-बारा फेरफार झाल्यावर सुधारित आवृत्ती बसविणे म्हणजे सारे काम पुन्हा करणे होते. साहजिकच ते लांबणीवर पडे. अद्ययावत न राहण्याची किंमत डिसेंबर २००४ मध्ये दिसून आली. ‘सॅन्टी’ या उपद्रवी प्रणालीने गूगलच्या शोधाचा आधार घेऊन कच्ची चर्चापीठे हुडकली आणि हजारो ठिकाणची पाने पुसून टाकली. दोष दूर करणारी आवृत्ती त्यापूर्वीच, नोव्हेंबरमध्ये, प्रसिद्ध झाली होती.

ऑक्टोबर २०१४ मधील ३.१ आवृत्तीने ही रचना पालटली. विहिरीवरील पंपाचा एखादा भाग झिजल्यास तेवढाच बदलतात, त्याप्रमाणे सिंफनी या फ्रेंच फ्रेमवर्कचे तयार, सुटे घटक तिने स्वीकारले. नव्या सोयींसाठी ‘विस्तार’ वेगळे ठेवण्याची व्यवस्था झाली. ठरावीक जागी मूळ आज्ञावली जणू विचारते, ‘येथे कोणास काही करावयाचे आहे काय?’ विस्तार तेथे आपले काम करतो. मूळ ओळीला हात लागत नाही.

मात्र सुटे घटक दुसऱ्याचे असले की त्यांचे आयुष्यही दुसराच ठरवितो. सिंफनीच्या दीर्घकालीन आवृत्त्यांना सुरक्षेचा आधार चार वर्षे मिळतो. ३.४ चा आधार नोव्हेंबर २०२१ मध्ये संपला, आणि तिच्यावर विसंबलेल्या ड्रुपल ८ ची मुदतही त्याच महिन्यात संपली. जानेवारी २०२० मधील पीएचपीबीबी ३.३ देखील त्याच ३.४ वर उभी राहिली, पुढील ४.० नव्या सिंफनीवर बेतलेली आहे.

ड्रुपलचा अनुभव मराठी वाचकांना दूरचा नाही. ‘मायबोली’ व ‘मिसळपाव’ या संकेतस्थळांनी त्याचाच आधार घेतला होता. सातव्या आवृत्तीतून आठवीत जाणे जवळजवळ नव्याने घर बांधण्यासारखे होते. त्यामुळे असंख्य चालक सातवीतच थांबले आणि तिची मुदत वारंवार वाढवून अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी संपविण्यात आली. काहींनी २०१५ च्या आरंभी ‘बॅकड्रॉप’ ही वेगळी शाखाच काढली. तो केवळ हट्ट नव्हता; लहान संस्थांना खर्च परवडावा हा त्यामागील विचार रास्त होता.

२०२१ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती देणाऱ्या फ्लारमने याहून पुढचे पाऊल टाकले. लाराव्हेलच्या घटकांवर उभ्या असलेल्या या प्रणालीत पसंती नोंदविण्यासारखी साधी सोयही विस्तार म्हणूनच येते. गाभा त्यामुळे आटोपशीर राहतो. पण विस्ताराच्या लेखकाने काम सोडल्यास ती सोय निराधार होते. नवी प्रणाली निवडताना फ्रेमवर्कच्या मुदतीइतकीच ही बाब पाहावी लागते, आणि साठलेला मजकूर बाहेर काढता येतो की नाही हेही. २०१३ साली आलेल्या डिसकोर्सने पीएचपीबीबीतील जुन्या चर्चा आत आणण्याची आज्ञावली आपल्या मूळ संचातच दिली आहे.