लेन्स सहाशेची, हवा दुपारची

हिवाळी पाहुण्यांचे फोटो काढायचे तर भिगवणला जा, असं आमच्या मुरूममध्येही लोक सांगतात. उजनीच्या फुगवट्यावर रोहित उतरतात, होडीवाले असतात, सोय चांगली आहे. पण नोव्हेंबर ते मार्च आपल्या उमरगा तालुक्यात, बेनितुरेच्या पाण्यावर, गावोगावच्या पाझर तलावांवर आणि ज्वारीच्या रानांत काय कमी असतं? थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, माळावरून खालून खालून फिरणारे भोवत्ये, आणि भोरड्यांचे तर थवेच्या थवे. पक्षी भरपूर, तरी फोटो का बिघडतात हे कळेपर्यंत माझा हिवाळा सरला होता. नवी लेन्स घेणाऱ्याचा तरी तो वाचावा.

माझी लेन्स 150-600 मिमीची, वजन दोन किलोच्या आसपास. सकाळी लवकर काढलेले फोटो बरे यायचे, दहानंतरचे सगळे मऊ. डोळा दिसायचा, पण त्यातली चमक नाही. पिसांच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्यासारख्या. लेन्समध्ये खोट असणार म्हणून ती सोलापूरला दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने तपासून परत दिली आणि विचारलं, "सर, लेन्स ठणठणीत आहे. तुम्ही फोटो किती वाजता काढता?"

मग जुन्या वर्तमानपत्राचं एक पान फळीवर चिकटवलं. नांगरलेल्या काळ्या रानाच्या एका बांधावर फळी, समोरच्या बांधावर ट्रायपॉड. सकाळी सात वाजता मथळ्याखालच्या ओळी स्पष्ट वाचता आल्या. दुपारी दोनला त्याच जागेवरून, त्याच सेटिंगवर, मथळासुद्धा थरथरत होता. लागोपाठच्या फोटोंत एकच अक्षर दर वेळी वेगळ्या आकाराचं. काळी माती उन्हात झपाट्याने तापते, तिच्यालगतची हवा तापून वर उठते, गरम-थंड थरांतून येताना प्रकाश वाकडातिकडा होतो. लेन्स जितकी लांब, तितकी ही थरथर मोठी होऊन दिसते. त्यावर कुठल्याही कंपनीच्या लेन्सचा इलाज नाही. लेन्सला दोष देण्याआधी हा वर्तमानपत्राचा प्रयोग घरच्या घरी जरूर करून पाहा. दुरुस्तीची खेप वाचेल.

अंतराचं गणितही आधीच समजून घ्यावं. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला तो हंस, साधारण 75 सेंटीमीटर लांबीचा. 100 मीटरवरून 600 मिमी लेन्सने त्याची प्रतिमा सेन्सरवर जेमतेम साडेचार मिलिमीटर पडते, आणि फुलफ्रेम सेन्सर असतो 36 मिलिमीटर रुंद. तोच पक्षी 30 मीटरवर असेल तर प्रतिमा 15 मिलिमीटर होते, शिवाय मधली थरथरणारी हवाही कमी. बरेच जण इथे टेलिकन्व्हर्टर घ्यायला धावतात. 1.4 पटीचा कन्व्हर्टर लावला की एफ 6.3 चं छिद्र एफ 9 च्या घरात जातं, फोकस रेंगाळतो, आणि हवेची थरथर तीही 1.4 पट. माझ्या मते तो पैसा पेट्रोलवर आणि पहाटेच्या चहावर खर्चावा.

अंतर कमी व्हायला हवं, पण ते पक्ष्याने कमी करायचं, आपण नव्हे. आपण चालत गेलो की तो उठतो. त्याच्या उठण्याला किंमत आहे, आणि ती दुपारी जास्त. तलवार बदकासारखी कितीतरी बदकं मुख्यतः रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर पडून विसावतात. आपल्याला 'नुसती बसलेली' दिसणारी बदकं खरं तर झोप घेत असतात. पट्टकादंब तर तिबेट, लडाख, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेला. सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून त्यांची उड्डाणं नोंदली गेली आहेत. अशा पक्ष्याला उडण्याच्या एका फोटोसाठी मुद्दाम हुसकावणारे लोक मी तलावावर पाहिले आहेत. खडा मारणारेही पाहिले. त्यांचा फोटो चांगला आला तरी तो मला बघवत नाही.

पक्षी आधी इशारा देतो. चरणं थांबतं, माना ताठ होतात, बदकं हळूहळू एका बाजूला पोहू लागतात. एवढं दिसलं की जागीच बसायचं. तरी माना खाली गेल्या नाहीत तर मागे सरायचं. परत पिसं साफ करू लागली की समजावं, आपल्याला मुक्काम मंजूर झाला. सगळ्यांत सोपी लपण म्हणजे स्वतःची गाडी: इंजिन बंद, काच खाली, आणि दारावर शिंप्याकडून शिवून घेतलेली ज्वारी भरलेली पिशवी. तिच्यावर लेन्स ट्रायपॉडपेक्षा छान बसते.

उतरत्या तलावाच्या गाळापासून मात्र जपा. वरची पापडी वाळून भेगाळलेली दिसते, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. माझा एक सोबती असा रुतला, तेव्हा त्याने दोन्ही हातांनी कॅमेरा डोक्यावर धरला आणि बूट तिथेच राहिला. हसलो आम्ही, पण तिथे एकट्याने जायचं नाही हे तेव्हापासून ठरलं. अनोळखी गावात आधी पोलीस पाटलांना किंवा धरणावरच्या चौकीदाराला भेटून यावं. हिरवं-तपकिरी कापड गुंडाळलेली लेन्स लांबून बंदुकीसारखी दिसते.

रानात शिरायचं तर आधी मालकाला विचारा. हुरड्याच्या दिवसांत भोरड्यांचा थवा ज्वारीवर उतरतो तो देखणाच, पण मचाणावर गोफण घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो देखणा वाटत नाही. एका मामांनी मला हटकलं होतं: "कशाचे फोटो काढायलाव, सर? तुम्ही हिकडनं उठवल्या की त्या माझ्या रानात बसत्यात." बरोबर होतं त्यांचं. याच भोरड्या उन्हाळ्यात मध्य आशियात टोळ खातात. चीनच्या शिनजियांगमध्ये त्यांनी टोळ खावेत म्हणून घरट्यांसाठी जागा बांधून देतात. आपल्याकडे वाट्याला गोफण. मामांची बाजू मला पटते, त्यामुळे मी कणसावरचा नाद सोडला. ज्वारी काढल्यावर, नाहीतर संध्याकाळी रातथाऱ्याला जाताना आभाळातला थवा टिपतो.

सेटिंगचं फार अवडंबर नको. उडत्या पक्ष्याला 1/2000 सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर, बसलेल्याला 1/1000 पुरतं, आयएसओ ऑटोवर. उजळ आभाळावर थवा काळा पडतो, म्हणून एक्स्पोजर एक पायरी वाढवा. गडद पाण्यावरच्या पांढऱ्या बगळ्याला कमी करा. सकाळी तलावाच्या पूर्व काठावर बसा, ऊन पाठीशी राहतं. दहा वाजले की लेन्स पिशवीत.

आणि एक विनंती. फोटो मोठा करून पक्ष्याच्या पायाकडे, हंसाच्या गळ्याकडे नीट बघा. मंगोलियात गळ्यात अक्षरं-आकडे असलेला पट्टा घातलेले पट्टकादंब भारतात दिसलेले आहेत, आणि 1883 पासून काम करणारी मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीही पक्ष्यांच्या पायात कडी घालते. असं कडं किंवा पट्टा दिसला तर त्यावरची खूण वाचता येईल असा फोटो, तारीख आणि तलावाचं नाव सोसायटीला कळवा. फोटो अस्पष्ट असला तरी आकडा वाचता आला की पुरे.